पाण्यातलं भिंग

"भिंगाचं काय आलं?" ब्रह्मेनं विचारलं आणि निंबाखालचा सगळा गलका एकदम थांबला.

फिजिक्सचा पेपर नुकताच सुटला होता. भुसावळचा एप्रिल म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. सायकलच्या सीटला हात लावला तरी चटका बसायचा. तरी आम्ही पोरं कॉलेजच्या सायकल स्टँडशेजारी घोळका करून उभे होतो. पेपर सुटला की तडक घरी जा, जेवा, पुढचं वाचा, असं सगळे सर बजावायचे आणि एकही पोरगा ऐकायचा नाही. उत्तरं जुळवल्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नसे.

"ऐंशी सेंटिमीटर," मी म्हटलं.

मधुसूदन ब्रह्मे आमच्या इंटर सायन्सचा पहिला नंबर. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते सही-शिक्का मारल्यासारखं. त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

"ऐंशी कसं येईल? हवेत वीस होतं. तेच भिंग पाण्यात बुडवलं. पाणी हवेपेक्षा घट्ट, किरण जास्त वाकणार, अंतर कमी होणार. पंधरा."

"पंधराच," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझंही पंधरा भो," आणखी एक.

यातल्या निम्म्या शहाण्यांनी तो प्रश्न सोडवलेलाच नव्हता, हे मला पुढं कळलं. ब्रह्मे पंधरा म्हणाला म्हणून त्यांचंही पंधरा. मग त्यानं उष्णतेच्या गणिताचं उत्तर विचारलं. तेही माझं वेगळं निघालं. एक सिद्धता अर्धवट राहिली होती, ते तर मलाच माहीत होतं. 

"विसपुते," ब्रह्मे शांतपणे म्हणाला, "तू ड्रॉप घे."

हे ड्रॉप प्रकरण आजच्या वाचकाला सांगायला हवं. त्या काळी मेडिकलचं दार उघडायचं ते इंटरच्या मार्कांनी. कॉलेजातलं दुसरं वर्ष, आणि त्यातल्या फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजीच्या बेरजेवर सगळा जन्म. एकदा तुम्ही इंटर पास झालात की खेळ खलास. मार्क कमी पडले म्हणून पुन्हा बसून ते वाढवता येत नसत. नापास झालेल्याला पुढच्या वर्षी संधी होती, कमी मार्कांनी पास झालेल्याला नव्हती. म्हणून एखादा पेपर बिघडला की मेडिकलवाली पोरं पुढच्या पेपराला बसायचीच नाहीत. ठरवून घरी राहायची, म्हणजे निकाल कोराच राहील. याला ड्रॉप घेणं म्हणत. लोकांना त्यात कमीपणा वाटत नसे, उलट पोरगा हुशार आहे, डॉक्टरकीवाचून दुसरं काही नको म्हणतो, असा थोडा भावच मिळायचा.

कुमुद, माझी बहीण, लांब आमच्या सायकलपाशी उभी होती. मुलींनी निंबाखाली यायचं नाही असा काही लेखी नियम नव्हता, पण येत नसत. मी जवळ गेलो तेव्हा तिनं नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं रे दादा?"

"भिंगाचं पंधरा आहे."

"ऐंशी," ती म्हणाली. "माझं ऐंशी आलंय."

"माझंही. म्हणजे दोघांचं चुकलं."

ती कॅरिअरवर बसली. 

कुमुद माझ्याहून धाकटी. मॅट्रिकला मला विषमज्वर झाला, एक वर्ष गेलं, आणि आम्ही एकाच वर्गात आलो. तिनं बायॉलॉजीचा बी ग्रुप घेतला तो खरं तर माझ्या सोयीसाठी. एकटी पोरगी कॉलेजात कशी जाणार, तर भावाबरोबर जाईल. शिवाय आकृत्या ती सुरेख काढायची, तो माझा फायदा. तिला स्वतःला काय हवंय हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मला माहीत होतं, पण मीही विचारलं नव्हतं. प्रॅक्टिकलला माझा बेडूक उघडून झाला की ती टेबलाच्या पलीकडून वाकून पाहायची आणि सुई माझ्या हातातून घ्यायला तिचे हात नुसते शिवशिवायचे. हे पाहणाऱ्याला वेगळं विचारायची गरज नव्हती.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. अण्णा स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. आई आम्ही लहान असताना बाळंतपणात गेली. रेल्वेचा डॉक्टर लाइनवर गेलेला, येईपर्यंत सगळं आटोपलेलं. त्या वर्षापासून अण्णा मला 'डॉक्टर' म्हणायला लागले. मी तेव्हा चड्डीत होतो, नाक पुसता येत नव्हतं, पण डॉक्टर. घर गोदाआत्या सांभाळायची. ती अण्णांची थोरली विधवा बहीण, बोलायला फटकळ आणि करायला खंबीर.

संध्याकाळी अण्णा आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायले, मग म्हणाले, "ब्रह्मेचा मुलगा म्हणाला चुकलंय?"

"हो. सगळ्यांचं पंधराच आलंय."

"आणि बाकीचं?"

"आणखी एक गणित गेलं. एक उत्तर अर्धं राहिलं."

 बोलण्याआधी माणूस आतल्या आत कोसळतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हरकत नाही डॉक्टर. एक वर्ष गेलं तर गेलं. नीट तयारी करू. ड्रॉप घे."

"अन् पोरीचं काय?" आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिचंबी चुकलं म्हणतो ना हा?"

"तिला काय करायचंय?" अण्णा म्हणाले. "ती बसेल. पास झाली म्हणजे झालं. धुळ्याची माणसं इंटर पास म्हणूनच थांबलीत."

धुळ्याचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा ओव्हरसियर. त्यांना शिकलेली सून हवी होती, फार शिकलेली नको होती. इंटर हे त्यांच्या मापात बरोबर बसत होतं.

कुमुद दाराला टेकून उभी होती. "अण्णा, मी पण घेऊ ड्रॉप?" तिनं विचारलं.

"व माय!" आत्या पळी घेऊन बाहेर आली. "अन् पुढच्या साली काय लगन मंडपातून उठून पेपर देशील? गपचिप बस परीक्षेला."

अण्णा हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

दिवे लागायच्या वेळी मागच्या अंगणात मी रांजणाजवळ बसलो होतो. कुमुद कळशी घेऊन आली. कळशी बाजूला ठेवून ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"दादा, एक सांगू? तू बस उद्या."

"वेडी आहेस का?"

"आपल्या दोघांचं उत्तर एकच आलंय. तू तिकडे बसला होतास, मी इकडे. आपण काही बघून लिहिलं नाही. मग ब्रह्मेचंच चुकलं असलं तर?"

आता इतकी साधी गोष्ट. पण मला ती झोंबली. एकतर दिवसभराचा वैताग, त्यात ही सांगणार. "ब्रह्मेचं चुकेल आणि तुझं बरोबर येईल?" मी म्हटलं. "तू ब्रह्मेहून शहाणी?"

"मी नाही. तू." ती हळूच म्हणाली. "भिंग पाण्यात गेल्यावर त्याचा जोर कमी होतो असं तूच मला शिकवलंस ना? डोळे उघडे ठेवून नदीत बुडी मारली की सगळं अंधूक का दिसतं, ते सांगून?"

शिकवलं होतं खरं. पण निंबाखाली इतकी तोंडं पंधरा म्हणत असताना माझं स्वतःचं शिकवणं मलाच खोटं वाटू लागलं होतं.

"तुला काय फरक पडतो?" मी म्हटलं. "तुला तर नुसतं पास व्हायचंय."

तिनं कळशी उचलली आणि ती आत गेली. कमी मार्कांनी पास होणं म्हणजे तिचंही दार कायमचं बंद होणं, हे तिला कळत होतं आणि मलाही. फक्त तिला दुसरी संधी कुणी देणार नव्हतं. जो काही डाव होता तो तिला याच परीक्षेत खेळायचा होता.

दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचे दोन पेपर होते, एक सकाळी, एक दुपारी. मी परीक्षेला बसणार नव्हतो, पण तिला सोडायला जाणं भाग होतं. आत्यानं दोघांचा डबा दिला. ड्रॉप घेतला तरी पोट थोडंच ड्रॉप घेतं, असं म्हणाली. मी सायकल मारत होतो. मागं कुमुद, मांडीवर कंपासपेटी. सूर्य अजून वर चढला नव्हता तरी रस्ता तापायला लागला होता.

कॉलेजच्या फाटकात पोरं वह्यांत तोंड खुपसून उभी होती. मला घरच्या चपलांत पाहून ती जरा बाजूला सरकली. आजाऱ्याला वाट द्यावी तशी. ब्रह्मेनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे योग्य केलंस. घंटा झाली. कुमुद हॉलकडे चालली, चार पावलं जाऊन वळली, आणि मग आत गेली.

मी हॉलच्या बाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर बसलो. घरी जाऊन परत यायचं तर सायकल दोनदा मारा, त्यापेक्षा सावलीत बसलेलं बरं. अर्ध्या तासाची घंटा झाली. शिपायानं हॉलचं दार लोटलं. अर्धा तास उलटला की आत घेत नसत, तो नियमच होता.

थोड्या वेळानं भारंबे सर व्हरांड्यात आले. आमचे फिजिक्सचे सर. त्या दिवशी ते पर्यवेक्षकांना थोडी सुटी द्यायला हॉलोहॉल फिरत होते. मला पाहून थबकले.

"विसपुते? तू बाहेर काय करून राहिलास?"

"ड्रॉप घेतला सर."

"ड्रॉप?" त्यांनी चष्मा काढला. "का?"

"कालचा पेपर बिघडला. भिंगाचं चुकलं. उष्णतेचंही."

"भिंगाचं काय लिहिलंस?"

"ऐंशी." माझी मान खाली गेली. "पंधरा यायला हवं होतं."

"कोण म्हणतं पंधरा?"

सर वाकले. कठड्यावर धूळ साचली होती, तीत त्यांनी बोटानं भिंग काढलं. त्याच्याभोवती पाणी म्हणून आडव्या रेघा मारल्या. मग एक किरण आणला, भिंगातून पार नेला, आणि पार गेल्यावर त्याला जवळ वळवण्याऐवजी लांब, कठड्याच्या कडेपर्यंत सरळ ओढत नेला. "काच आणि पाणी, फरक किती थोडा. किरण वाकणार किती? लांबच जाऊन मिळणार. ऐंशीच. उष्णतेचं सांग."

मी सांगितलं.

"तेही बरोबर."

आणि मग सरांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. त्यांनी घड्याळ पाहिलं, लोटलेल्या दाराकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. मी कठड्यावरून कधी उतरलो कळलं नाही, पण मी खाली फरशीवर बसलो होतो. 

"थांब," सर म्हणाले आणि घाईघाईनं मुख्य पर्यवेक्षकांच्या खोलीकडे गेले. मी तिथूनच पाहत होतो. दारात दोघं बोलत होते. सर हात हलवत होते, समोरचा नाही नाही म्हणून मान हलवत होता. थोड्या वेळानं सर परत आले आणि माझ्याजवळ उभे राहिले. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि कठड्यावरचं भिंग पुसून टाकलं. मग आतल्या हॉलमध्ये गेले.

त्यानंतर मी व्हरांड्यात एकटा बसलो. समोर मैदान भाजत होतं. हॉलमधून कागद उलटल्याचा आवाज येत होता, मधूनच कुणी पुरवणी मागायचं. खरं सांगतो, त्या वेळात माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. पहिल्यांदा ब्रह्मेला मनातल्या मनात बदडून काढलं. मग अण्णांवर राग काढला. मग काल रांजणाजवळ बसून हे सगळं सांगणाऱ्या कुमुदवर. तिचं ऐकलं असतं तर, हा विचार जितका आला तितकी ती जास्त नकोशी झाली. शेवटी दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा स्वतःच्या नावानं रडलो. बावीस विहिरी पोहून काठावर बुडणारा मूर्ख मीच होतो, दुसरं कुणी नाही.

दुपारची सुटी झाली. पोरं बाहेर आली. कुमुद चिंचेखाली आली, जिथं मी डबा उघडून बसलो होतो. तिच्या बोटांना शाई लागली होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"कसा गेला?"

"बरा." ती बसली. माझ्याकडे पाहत राहिली. "तू इथंच होतास?"

"मग कुठं जाणार?"

"कुणी भेटलं का?"

सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तिचंही ऐंशी होतं, तिचंही बरोबर होतं, तिला ते कळायला हवं होतं. पण ते सांगायचं तर माझं काय झालं तेही सांगावं लागणार, आणि ते ऐकून ही इथं चिंचेखाली रडत बसणार, दुपारचा पेपर पाण्यात. असं मी स्वतःला समजावलं. तेवढंच कारण होतं असं मात्र नाही. लाजही होती. पेपर बिघडला म्हणून ड्रॉप घेतलेल्या पोराला लोक मान देतात. चांगला गेलेला पेपर दुसऱ्याच्या सांगण्यावरून बिघडला समजून जो घरी बसतो, त्याला काय म्हणतील?

"कोण भेटणार?" मी म्हटलं. "जेव आधी. पोळी वाळतेय."

ती माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहत राहिली. मग तिनं पोळीचा तुकडा मोडला.

जूनमध्ये निकाल लागला. फिजिक्समध्ये कुमुद कॉलेजात पहिली आली आणि केमिस्ट्रीतही तिचे मार्क असे होते की प्रिन्सिपॉल स्वतः क्वार्टरवर आले. मेडिकलला प्रवेश नक्की मिळेल म्हणाले. ब्रह्मेला फिजिक्सनं खाली ओढलं. तो पुढं बँकेत लागला आणि तिथंही कमीच बोलायचा.

धुळ्याची माणसं विचारणा करत होती. अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी आयुष्यभर एकाच पोराला डॉक्टर म्हटलं होतं आणि आता ते दुसऱ्याच पोरावर जाऊन बसलं होतं. त्यांना आनंद व्हायचा होता पण कसा करावा ते समजत नव्हतं.

"तू काय म्हणतोस?" त्यांनी मला विचारलं.

आत्या दारात, कुमुद तिच्या मागं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मला खूप राग आला होता, कुणाचा ते सांगता येणार नाही.

"जाऊ द्या तिला," मी म्हटलं. "धुळ्याला कळवा नाही म्हणून."

पुढच्या वर्षी मी परीक्षेला बसलो. अभ्यास भरपूर केला होता. फिजिक्सचा पेपर हातात आला आणि प्रत्येक उत्तर लिहिलं की वाटायचं, हे चुकलं असणार. खोडायचं, पुन्हा लिहायचं. बरोबर लिहिलेलंही त्यात खोडलं. पेपर सुटल्यावर निंबाखाली गेलो नाही, पण उपयोग नव्हता, निंब माझ्या डोक्यातच उगवला होता. ड्रॉपची हिंमत उरली नव्हती, शेवटपर्यंत बसलो. मेडिकलला मार्क पुरले नाहीत. बी.एस्सी. झालो आणि एका औषध कंपनीत लागलो. काळी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसायचं, आत बोलावलं की हसत जायचं, गोळ्यांचे गुण सांगायचे. नोकरी वाईट नव्हती. माझ्या बोलण्यावर डॉक्टर लोक खूश असायचे. तुम्हीच डॉक्टर व्हायला हवं होतं विसपुते, असं कुणी ना कुणी म्हणायचं आणि मी हसायचो.

कुमुद सरकारी नोकरीत बायकांची डॉक्टर झाली. तिच्या दवाखान्यात गेलो की ती मला पहिलं आत बोलवायची. मी जायचो नाही. इतर कंपन्यांची माणसं बसलेली असायची ना, मी माझ्या नंबरानं जायचो. अण्णा शेवटच्या दुखण्यात तिच्याकडेच होते. तिला ते 'डॉक्टर' म्हणायचे. मी खोलीत असलो की मात्र नुसतं 'कुमू' म्हणायचे.

मागच्या महिन्यात मी नाशिकला तिच्याकडे गेलो होतो. तिची नात रेवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे नावाला. खरी तयारी नीटची, म्हणजे आताच्या मेडिकल प्रवेश परीक्षेची, दुसऱ्यांदा. अशा वर्षाला आताही ड्रॉपच म्हणतात, फक्त अर्थ थोडा बदललाय, परीक्षा सोडायची नाही, पुन्हा द्यायची. पोरीचं तोंड सुकलेलं. टेबलावर बसून काहीतरी खोडत होती.

"काय झालं गं?"

"आजोबा, क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांचं एक उत्तर येतंय आणि माझं वेगळंच. माझंच चुकतंय बहुतेक." तिनं वही सरकवली. "काचेचं भिंग आहे, हवेत नाभीय अंतर वीस सेंटिमीटर, पाण्यात बुडवलं तर..."

"ऐंशी," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "तुम्ही सोडवलंच नाही."

"तुझं काय आलंय?"

"ऐंशी."

"मग ते खोडू नकोस. ग्रुपवर काय म्हणतात त्यांना म्हणू दे."

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात काही प्रश्न मरत नाहीत. रेवा वही घेऊन तिच्या खोलीत गेली. मी मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात कुमुद उभी होती. हातात माझं ताट. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली, पण ती तशीच उभी होती जशी त्या संध्याकाळी दाराला टेकून उभी होती.

तिनं ताट माझ्यासमोर ठेवलं, स्वतःचं आणलं, आणि बसली. जेवायला सुरुवात केली नाही.

"दादा, केमिस्ट्रीच्या पेपराला मी खिडकीपाशी बसले होते."

मी ताटातला हात मागं घेतला.

"भारंबे सरांनी कठड्यावर बोटानं काढलं होतं ना, ते मला दिसलं. भिंग दिसलं नाही, पण शेवटची रेघ त्यांनी किती लांब नेली ते दिसलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. आणि तू खाली बसलास."

"म्हणजे तुला..."

"तेव्हाच कळलं. आपलं बरोबर आहे, आणि तू बाहेर आहेस." तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली. "दादा, मला आधी आनंद झाला."

पंखा फिरत होता. आतून रेवाचा पाठ करण्याचा आवाज येत होता.

"आपलं बरोबर आहे, माझं होणार, हे पहिलं मनात आलं. तुझं काय झालं ते नंतर आलं. बरंच नंतर. तो पेपर मी फार चांगला लिहिला. दुपारी तुला विचारलं, कुणी भेटलं का. तू सांगतोस का ते बघायचं होतं. सांगितलं असतंस तर मी रडले असते, तुझ्या गळ्यात पडले असते, आणि मग कदाचित इतकी वर्षं..." ती थांबली. "तू बोलला नाहीस. मग मीही नाही बोलले."

मला राग आला. खरंच आला. माझ्या जन्मात एक गोष्ट मी एकट्यानं वाहिली असं मी समजत होतो. कुणी विचारलं नाही, कुणाला सांगितली नाही, आणि तिचा मला मनातून थोडा गर्वही होता. आता ते ओझं अर्धं हिच्या डोक्यावर होतं असं निघालं. माझी तेवढी एकच कमाई होती, तीही वाटून गेली. पण राग किती वेळ टिकणार? समोर एक म्हातारी बाई बसली होती आणि तिनं आपल्या पहिल्या आनंदाची लाज अख्खा जन्म सांभाळली होती.

"मी बाहेर बसून काय म्हणत होतो माहीत आहे?" मी म्हटलं. "तुझाही बिघडू दे, असं."

कुमुदनं वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती हसायच्या बेतात होती.

"बिघडला नाही," ती म्हणाली.

"नाही बिघडला."

मी तिचं ताट तिच्याकडे सरकवलं.

"जेव आधी," मी म्हटलं. "पोळी वाळतेय."